रुखवतातलं बिनरंगी बदक

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये नवीन माणूस रुजू झाला की अजूनही कोणीतरी हळूच विचारतं, "चोच पाहिली का?" नव्या मुख्याध्यापकांच्या वेळी हे विचारलं गेलं, नव्या शिपायाच्या वेळी विचारलं गेलं, आणि वरांड्यात पाणी शुद्ध करायचं मशीन बसवलं तेव्हा त्याच्याबद्दलही. हा प्रश्न विचारणाऱ्या तरुण शिक्षिकांपैकी निम्म्यांनी शिवणाच्या बाईंना पाहिलेलंही नाही. वाक्य मात्र बाईंचं आहे आणि ते कुठून आलं हे नीट सांगू शकेल अशी आता शाळेत मी एकटीच उरले आहे. म्हणून लिहून ठेवते.

मी या शाळेत पर्यवेक्षिका आहे. वेळापत्रक, परीक्षा, सहली, स्नेहसंमेलन, सगळ्याच्या याद्या माझ्याकडे असतात. घरीही तेच. वाणसामानापासून मुलीच्या लग्नापर्यंत मी कुठलंच काम यादीशिवाय केलेलं नाही आणि त्याबद्दल मला कधी पस्तावावं लागलेलं नाही. बाई माझ्या बरोबर उलट. त्यांच्या गळ्यात फितीला अडकवलेली कात्री असायची आणि डाव्या खांद्यावर, ब्लाउजलाच, दोरे ओवलेल्या पाच-सहा सुया टोचलेल्या. निरोप समारंभात मुली रडत रडत शिक्षिकांच्या गळ्यात पडायच्या, पण बाईंच्या फक्त उजव्या बाजूनं. हे नव्या मुलींना आधीच्या तुकडीच्या मुली बजावून ठेवायच्या.

बाई सगळीकडे एकच भाषा बोलत. वर्गात, स्टाफरूममध्ये, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांसमोर, नागपुरीच. एका अधिकाऱ्यांनी त्यांना सौम्य शब्दांत सुचवलं की शाळेत प्रमाण भाषा असावी. बाई म्हणाल्या, "शिवण शिकवून राहिली साहेब. टाक्याले काय समजते, कोणत्या भाषेत मारला?"

भरतकामाला गुण देण्याची त्यांची रीत अशी होती की रुमाल हातात घेतल्याबरोबर तो उलटा करायचा. वरची फुलं त्या पाहायच्याच नाहीत. मागच्या बाजूला दोऱ्याच्या गाठी, ओढलेले धागे, अर्धवट सोडलेली टोकं, ते सगळं वाचायच्या. मुली रडकुंडीला यायच्या. "बाई, मागचं कोण बघतं?" बाईंचं उत्तर ठरलेलं. "वापरणारी बाई पाह्यते. तिले टोचते."

त्यांचं घर शाळेच्या मागच्याच गल्लीत होतं. मागच्या अंगणात सिमेंटचं टाकं होतं आणि त्या टाक्यात एक जोडपं राहत होतं. बदकांचं.

ही बदकं आली कुठून, तर कलकत्त्याहून. बाईंच्या यजमानांचं, आम्ही त्यांना भाऊजी म्हणायचो, गांधीबागेत कापडाचं दुकान होतं. सुती साड्यांच्या खरेदीसाठी ते कलकत्त्याला जायचे. तिथे चिनी वंशाचा एक जुना दुकानदार त्यांचा मित्र झाला होता. त्यानं घरी पाळलेल्या जोड्यांपैकी एक भाऊजींना भेट दिली आणि सांगितलं की आमच्याकडे नवरा-बायकोच्या घरात हे पक्षी शुभ मानतात. भाऊजींनी ती जोडी वेताच्या टोपलीत घालून रेल्वेनं आणली. मी पहिल्यांदा पाहायला गेले तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, हे पाळायला परवानगी लागते का. बाईंनी भाऊजींकडे बोट दाखवलं. भाऊजींनी नोंदणीचा कागद आणून दाखवला. मग मी निवांत बदकं पाहिली.

नर मी टाक्याभोवती फिरून पाहिला. एका पक्ष्यावर इतके रंग असू शकतात हे मला माहीत नव्हतं. डोक्यावर हिरवा-तांबडा तुरा, डोळ्यामागून मानेपर्यंत पांढरा पट्टा, गालावर नारिंगी केसांसारखी पिसं, छाती जांभळी, आणि पाठीवर दोन नारिंगी पंख शिडासारखे उभे. जणू कोणी नागपुरी संत्र्याची फोड उभी करून ठेवली आहे. मादी तपकिरी-करडी, अंगावर पांढरे ठिपके, डोळ्याभोवती पांढरं कडं. दिसायला साधी, पण टाक्यात तिचंच राज्य.

भाऊजीही तेव्हा त्या नरासारखेच होते. गांधीबागेत ते शर्टांसाठी प्रसिद्ध होते. पोपटी, जांभळा, केशरी. दुकानात जे कापड खपत नसे त्याचा शर्ट शिवून ते स्वतः घालायचे आणि आठवड्याभरात ते कापड खपायचं.

आता उन्हाळ्याची गोष्ट. नागपूरच्या मे महिन्यात या थंड मुलखातल्या पक्ष्यांचं काय होणार, असं सगळी गल्ली विचारत होती. बाईंनी घरातला कूलर उचलून अंगणातल्या शेडमध्ये बदकांसाठी लावला, त्यात वाळ्याच्या नव्या ताट्या भरल्या, आणि नवरा-बायको दोघं पंख्याखाली झोपू लागले. शेजारच्या बाई भिंतीवरून म्हणाल्या, "माणसाले कूलर नाही नं बदकाले कूलर. वा रे दुनिया." बाई म्हणाल्या, "माणूस सांगू शकते वं, गरम होऊन राहिलं म्हणून. हे कसं सांगन?"

कूलरनं काम केलं. पण पहिला पाऊस पडून गेल्यावर नराचे रंग गळायला लागले. आधी ती नारिंगी शिडं पडली. मग तुरा गेला, पट्टा गेला, जांभळी छाती गेली. आषाढ लागेपर्यंत टाक्यात दोन तपकिरी-करड्या माद्याच पोहत असल्यासारखं दिसू लागलं. बाईंनी त्याला पिशवीत घालून ऑटोनं जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी आयुष्यात असला पक्षी पाहिला नव्हता, पण तसं न म्हणता त्यांनी टॉनिक दिलं. बाई श्रावण-भाद्रपदभर ड्रॉपरनं टॉनिक पाजत राहिल्या. दसऱ्याच्या सुमाराला रंग परत आले. बाईंनी शाळेत पेढे वाटले आणि डॉक्टरांची इतकी स्तुती केली की आमच्या दोन शिक्षिका आपापली कुत्री घेऊन तिकडे गेल्या.

पुढच्या वर्षी रंग पुन्हा गळले. पुन्हा टॉनिक, पुन्हा दसरा, पुन्हा पेढे.

तिसऱ्या वर्षी मोठ्या दुकानांच्या स्पर्धेत भाऊजींचं दुकान बंद झालं. ते उन्हाळ्यात बंद झालं आणि पावसाळाभर भाऊजी अंगणात, टाक्याच्या कठड्यावर, पांढऱ्या बनियनमध्ये बसून राहिले. रंगीत शर्ट कपाटात गेले. लोक भेटायला यायचे ते थांबले. बाई शाळेतून यायच्या, समोर दोघं दिसायचे, एक बनियनमधला आणि एक बिनरंगी. त्या वर्षी बाईंनी टॉनिक आणलं नाही. मला म्हणाल्या, "रोज पाहून राहिली दोघाईले. त्याची चोच नाही गा बदलत."

मला कळलं नाही. त्यांनी मला अंगणात नेलं आणि बोटानं दाखवलं. खरंच. सगळे रंग गेले तरी नराची चोच लालच होती. मादीची करडी. बाकी दोघांत फरक करता येत नव्हता, पण चोच पाहिली की चुकायची शक्यता नव्हती.

"हा आजारी नाहीच," बाई म्हणाल्या. "मोसम संपला की उतरते, मोसम आला की चढते. मीच बह्याड. दोन वर्षं औषध पाजलं." मग कठड्याकडे मान वळवून, भाऊजींना ऐकू जाईल इतक्या आवाजात, "रंग मोसमाचा असते. चोच बाराही महिन्यांची."

भाऊजी हसले नाहीत, पण उठून चहा टाकायला गेले. त्या वर्षी दसऱ्याला नर पुन्हा रंगला तेव्हा बाईंनी कपाटातून पोपटी शर्ट काढून इस्त्री केला आणि त्यांना घालायला लावला. त्यानंतर दर दसऱ्याला हा कार्यक्रम ठरून गेला. आपट्याची पानं द्यायला गेलं की अंगणात नर रंगात आणि घरात भाऊजी पोपटी शर्टात. पुढे त्यांनी मित्राच्या दुकानात हिशेब पाहायला सुरुवात केली, पण शर्टाचा दिवस एकच राहिला.

या बदकाला मराठीत नाव नाही हे बाईंना पटत नव्हतं. इंग्रजीत त्याला मँडरिन म्हणतात. शाळेच्या ग्रंथालयात बसून, इंग्रजीच्या शिक्षिकेला शेजारी बसवून, बाईंनी या शब्दाचा माग काढला. मँडरिन म्हणजे चीनच्या दरबारातले भरजरी पोशाखाचे अधिकारी. हा शब्द पोर्तुगिजांनी मलायातून उचलला होता, आणि मलायात तो गेला होता आपल्याकडून, 'मंत्री' या शब्दाच्या रूपानं. बाई ग्रंथालयातून थेट माझ्या टेबलाशी आल्या. "आपलंच पोर होय हे. दुनिया फिरून, चिनी कपडे घालून वापस आलं." त्या दिवसापासून नराचं नाव मंत्री आणि मादीचं मंत्रीणबाई.

या नावानं एकदा माझी चांगलीच पंचाईत झाली असती. स्नेहसंमेलनाला एक स्थानिक पुढारी पाहुणे होते आणि तेव्हा ते मंत्री होणार अशी शहरात चर्चा होती. बाईंनी हस्तकलेच्या प्रदर्शनात मंत्रीचं मोठं रंगीत चित्र लावलं होतं. पाहुण्यांनी कौतुकानं विचारलं, "हा कोणता पक्षी?"

"मंत्री," बाई म्हणाल्या.

पाहुणे खूष झाले. "वा. काय ऐट आहे."

"आता आहे. जूनमध्ये या साहेब, ओळखू नाही येत."

मी पाहुण्यांना चहाकडे वळवलं. चहाची वेळ माझ्या यादीत त्या प्रदर्शनाच्या लगेच नंतर होती, हे माझं नशीब.

चिनी भाषेत या बदकाला जे नाव आहे ते दोन शब्दांचं मिळून झालं आहे. पहिला अर्धा म्हणजे नर, दुसरा अर्धा म्हणजे मादी. जोडीनंच नाव पूर्ण होतं. कोरियात लग्नाला लाकडाची बदकं देतात, जपानात प्रेमळ जोडप्याला याच पक्ष्याची उपमा देतात. हे सगळं बाईंनी स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा आमच्या संस्कृतच्या शिक्षिका जरा दुखावल्या. त्या म्हणाल्या, आपल्याकडे चक्रवाक काय कमी आहे? दिवसभर बरोबर, रात्री शापामुळे ताटातूट, नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना साद घालतात. केवढी आर्तता आहे.

बाई डबा खाता खाता म्हणाल्या, "रातभर नुसते रडून राहिले दोघं. पंख आहे नं त्याईले? एकानं उडून जाव पलीकडे."

"अहो, शाप आहे."

"मंग सकाळी काहून जमते?"

संस्कृतच्या शिक्षिकांनी डब्याचं झाकण लावलं. मला मात्र बाईंचं म्हणणं व्यवहाराला धरून वाटलं.

आणि याच सगळ्यातून बाईंची खरी तऱ्हा सुरू झाली. आमच्या शाळेतून शिकून गेलेल्या मुलीचं लग्न ठरलं की बाई रुखवतासाठी बदकांची जोडी करून द्यायच्या. लग्नाच्या हॉलमध्ये मुलीकडच्यांनी मांडलेल्या रुखवताच्या टेबलावर चकल्यांचे मनोरे, सुपारीचे भटजी, खोबऱ्याचं तुळशीवृंदावन असायचं, त्यात बाईंची कापडाची जोडी. गांधीबागेतल्या चिंध्या, आत काटेसावरीचा मऊ कापूस, टाके असे की उलटून पाहिलं तरी सुलट वाटावेत. पण नराला रंग नाहीत. दोन्ही तपकिरी-करडी, फक्त एकाची चोच लाल दोऱ्यानं भरलेली. तीही बारीक, कारण खऱ्या पक्ष्याची बारीकच असते आणि बाई मापात तडजोड करत नसत.

आम्ही सगळ्यांनी समजावून पाहिलं. लग्नाची वस्तू आहे, रंगीत नर करा, किती सुंदर दिसेल. बाई ऐकत नसत. "रंगवलेला नवरदेव तं स्टेजवर बसूनच आहे. सगळ्याईले दिसते. मी तिले आषाढातला देते." एका नववीतल्या मुलीनं वर्गात विचारलं होतं, "बाई, मग मादीचे रंग कधी उतरतात?" बाई म्हणाल्या, "तिले देल्लेच कोठी, उतराले?" त्या दिवशी तो वर्ग खूप वेळ हसत होता आणि शेजारच्या वर्गातून मला जावं लागलं.

बदकं आधी कोणाच्या हाती द्यायची नाहीत हा त्यांचा नियम होता. लग्नाच्या दिवशी स्वतः यायचं, स्वतः मांडायची, चोच पाहुण्यांकडे करून ठेवायची आणि जेवून जायचं.

माझी मुलगी मुग्धा याच शाळेची. तिचं लग्न कुहीकडच्या एका घरात ठरलं. घरची धानाची शेती, मुलगा स्वप्नील नागपुरात एका कंपनीत नोकरीला. साखरपुडा झाला, हॉल ठरला, पत्रिका छापून आल्या, आणि लग्नाला महिना राहिला असताना स्वप्नीलच्या कंपनीनं माणसं कमी केली. त्यात त्याचं नाव होतं.

त्यानं लग्न पुढे ढकलायची भाषा सुरू केली. नोकरी लागली की करू. मुग्धा म्हणाली, नोकरीशी लग्न ठरलेलं नाही. मी दोन्ही बाजू मांडून पाहिल्या आणि मुग्धाच्या बाजूनं कौल दिला. मुलगा शिकलेला, कष्टाळू, आज ना उद्या लागेल. त्याचे आईवडीलही तयार झाले. पण त्याच्या मनानं घेतलं होतं की नातेवाइकांत हसं होईल. आपसात ठरलं की लग्नाच्या हॉलमध्ये हा विषय कोणी काढायचा नाही. त्यांच्याकडच्या नातेवाइकांत फक्त स्वप्नीलच्या आत्यांना माहीत होतं, कारण कुहीच्या आत्यांना सांगितल्याशिवाय त्या घरात काहीच होत नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी मुग्धा मला म्हणाली, "आई, त्यानं काल मला सांगितलंय. हॉलमध्ये कोणी नोकरीचं काढलं तर तो उठून जाईल. उगीच म्हणत नव्हता."

मी म्हटलं, "कोणी काढणार नाही." मी सगळ्यांना बजावलं होतं. कोणाला कुठे बसवायचं, कोणाला आत्यांपासून दूर ठेवायचं, तेही ठरवून ठेवलं होतं. बाईंच्या बदकांचा विचार मात्र केला नव्हता. बदक म्हणजे बदक. शाळेतल्या इतक्या मुलींना दिलं, तसं हिलाही देतील.

बाई आल्या, भाऊजी पांढऱ्या सदऱ्यात मागे. बाईंनी खोक्यातून जोडी काढून चकल्यांच्या मनोऱ्याच्या पुढे ठेवली, चोच पाहुण्यांकडे केली आणि शेजारी उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं आत्या रुखवत पाहायला आल्या. उंच, काठापदराचं लुगडं, चष्मा कमरेच्या पिशवीत. त्यांनी सगळं टेबल पाहत पाहत बदकांपाशी मुक्काम केला.

"हे काय होय वं? दोन्ही मादीच ठेवल्या?"

माझी जाऊ तिथे होती. ती बिचारी भल्या हेतूनं म्हणाली, "नाही आत्या, एक नर आहे. त्याचे फक्त रंग उतरले आहेत."

"रंग उतरले?" आत्यांचा आवाज मोठाच आहे. "नवऱ्याचे रंग उतरले म्हणता? आमच्या पोराची नोकरी गेली म्हणून टोमणा मारून राहिले का तुम्ही? तेही रुखवतात मांडून?"

हॉलमध्ये जे ठरवून लपवलं होतं ते लपवणाऱ्यांच्याच बाजूनं बाहेर आलं. सनईची कॅसेट वाजतच होती, पण माणसं टेबलाकडे वळली. स्वप्नीलचे वडील खाली बघू लागले. मी टेबलाकडे निघाले आणि तेवढ्यात वरपक्षाच्या खोलीचं दार उघडलं. स्वप्नील दारात उभा होता. अंगावर लग्नाचे कपडे, हातात मुंडावळ्या, अजून बांधायच्या राहिलेल्या. त्यानं सगळं ऐकलं होतं. समोर हॉलचं बाहेरचं दार होतं, उघडं. तो त्या दाराकडे पाहत होता आणि मुग्धा आपल्या खोलीतून त्याच्याकडे.

बाई मध्ये उभ्या राहिल्या. त्या काही ठरवून उभ्या राहिल्या नव्हत्या, त्यांचं टेबलच तिथे होतं.

"तू होय का नवरदेव?"

तो म्हणाला, "हो."

"आत्या म्हणते नोकरी गेली. खरं होय?"

मी बाईंचा हात धरायला पुढे झाले. सुयांच्या बाजूनं होते, म्हणून हात मागे घेतला. स्वप्नीलनं हातातल्या मुंडावळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "खरं आहे."

"बरं झालं," बाई म्हणाल्या.

आत्या म्हणाल्या, "काय बरं झालं वं? काय बोलून राहिली ही?"

"पहिलेच उतरला तं बरं नाही झालं? बाकीच्याईचा लग्न झाल्यावर उतरते. मंग पोरी म्हणतात फसवलं. हिले तं असाच दिसला, तरी बसून आहे हळद लावून." बाई पुन्हा त्याच्याकडे वळल्या. "हिले कोणी सांगितलं? आत्यानं?"

"नाही. मी सांगितलं."

"केव्हा?"

"त्याच दिवशी. ऑफिसच्या खाली उतरलो आणि आधी हिला फोन केला. मग घरी सांगितलं."

आत्या एकदम त्याच्याकडे वळल्या. "म्हणजे आमच्या पहिले हिले सांगितलं? आम्ही कोण होय मंग?"

मागे कोणीतरी हसलं. स्वप्नीलचे वडीलच होते ते. बाईंनी नर उचलला आणि आत्यांच्या हातात दिला.

"चष्मा लावा आत्या. चोच पाह्या. पावसाळ्यात याचं सगळं गळून जाते, आमच्या घरी आहे, या पाहाले. पण ही लालच राहते. शाळेतल्या सगळ्या पोरीईले मी हेच देल्लं. तुमच्या पोराचं मले माहीतच नव्हतं. पण घरच्याईच्या पहिले जो बायकोले सांगते, त्याची चोच मले पाहाची गरज नाही."

आत्यांनी पिशवीतून चष्मा काढला, लावला, बदक डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ पाहिलं. उलटून टाकेही पाहिले. हे मी मुद्दाम सांगते, कारण त्या क्षणी मला खात्री पटली की या दोघींचं जमणार.

"येवढुशी चोच," आत्या म्हणाल्या. "मोठी करायची नं वं. कोणाले दिसन?"

"ज्याले पाहाची त्याले दिसते."

आत्यांनी बदक जागेवर ठेवलं, चोच पुढे करून. स्वप्नील दारातून टेबलापर्यंत चालत आला. बाहेरच्या दाराकडे त्यानं पुन्हा पाहिलं नाही. मुंडावळ्या त्यानं आत्यांपुढे धरल्या आणि म्हणाला, "बांधून दे, आत्या." आत्यांनी बांधल्या. बांधताना त्याच्या डोक्यावर एक टपली मारली, "पहिले हिले सांगितलं म्हणे," आणि मी गुरुजींना सांगितलं की मुहूर्त चुकवायचा नाही.

जेवणाच्या पंगतीत बाई आणि आत्या शेजारी बसल्या. मी त्यांची बसायची जागा वेगवेगळी ठरवली होती, पण काही ठिकाणी माणसांनी यादी मोडलेली बरी असते.

स्वप्नीलला पुढे नोकरी लागली. पहिल्यापेक्षा बरी. नर-मादी दोन्ही मुग्धाच्या घरी टीव्हीशेजारी असतात. पाहुणे अजून विचारतात, दोन्ही मादी का, आणि दर वेळी उत्तर स्वप्नील देतो. मुग्धाला बोलू देत नाही.

बाई निवृत्त झाल्यावरही रुखवतं करत राहिल्या. गेल्या उन्हाळ्यात त्या थोड्या दिवसांच्या आजारानं गेल्या. शेवटी शेवटी मी रोज जात होते, औषधांचं आणि कोणी कधी थांबायचं त्याचं मी पाहत होते. त्यांना अंगणातल्या कूलरची काळजी होती. ताट्या नव्या भरल्या का, एवढंच विचारायच्या. भरल्या होत्या.

पावसाळा संपता संपता कुहीहून आत्यांचा फोन आला. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं. "रुखवतात ते बदक पाह्यजे," त्या म्हणाल्या. "रंगाचं नको. उतरलेलं." मी सांगितलं, बाई आता नाहीत. आत्या म्हणाल्या, "मंग तू कर. तू काय करून राहिली?"

माझ्या हातात कला नाही. पण काम सोपवलं की मी करते. कात्री, चिंध्या, काटेसावरीचा कापूस, तपकिरी, करडा, पांढरा आणि लाल दोरा, सगळं जमवलं आणि बसले. तीनदा उसवलं. मादी बरी झाली. नराची मान वाकडी आणि एक पंख दुसऱ्यापेक्षा मोठा झाला. चोच मात्र मी पहिल्यांदा केलेली ठेवली नाही, दुसऱ्यांदा केलेलीही ठेवली नाही.

दसऱ्याला आपट्याची पानं आणि ती जोडी घेऊन भाऊजींकडे गेले. जाताना मनाशी ठरवलं होतं की अंगणात फार वेळ थांबायचं नाही. पण अंगणातूनच जावं लागतं. टाक्यात आताचा नर, पहिल्याचा नातू, तुरा उभारून, नारिंगी शिडं लावून फिरत होता. कठड्यावर भाऊजी बसले होते. पोपटी शर्टात. इस्त्री नव्हती, बाह्यांना कपाटातल्या घड्या तशाच होत्या.

मी पानं दिली, पाया पडले. मग पिशवीतून नर काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी मान पाहिली, पंख पाहिले, आणि तोंडावर काही दाखवलं नाही. आयुष्यभर कापड विकलेल्या माणसाला काय दिसलं असेल ते मला माहीत होतं. त्यांनी बदक उलटं केलं, टाके पाहिले, पुन्हा सुलट केलं. मग चष्मा वर सरकवून, अगदी जवळ नेऊन, चोच पाहिली.

"आत्याले दे," ते म्हणाले. "चालते."